नूडल्सची तळी

सटीचं जेवण म्हणजे तासाभराचं काम, असं केरबानं जाहीर केलं तेव्हा बानाबाई भरताची वांगी पुसत बसली होती. तिनं मान वर केली नाही. नवऱ्याच्या तोंडून तासाभराची कामं तिनं बरीच ऐकली होती. पंखा दुरुस्त करणं हेही त्यातलंच एक होतं आणि तो पंखा अजून पलंगाखाली होता.

पण केरबाचा विचार पक्का होता. चिकलठाण्याच्या कंपनीत तो तापलेल्या साच्यांवर काम करी. दुसऱ्या पाळीत कँटीन बंद असायचं, तेव्हा तो आणि त्याचा जोडीदार पुंजाराम विजेच्या किटलीत नूडल्स शिजवून खायचे. त्यात कांदा किती, मिरची कधी, याबद्दल केरबाचा शब्द अख्ख्या शेडमध्ये शेवटचा मानला जाई. माणसाला एका गोष्टीत मान मिळाला की त्याला सगळंच येतं असं वाटू लागतं. त्यातच मोबाइलवर त्यानं एका बाईला नूडल्सचं कॅसरोल करताना पाहिलं. कॅसरोल म्हणजे आपला पोळ्यांचा डबा नव्हे. भाज्या, नूडल्स आणि दुधाचा दाट रस्सा थरांनी लावायचा, वर चीज पसरायचं आणि भट्टीत भाजायचं. थोडक्या पैशात घरभर माणसं जेवतात, असं ती बाई हसत हसत सांगत होती. केरबानं तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की म्हाळसाबाईला, म्हणजे त्याच्या आईला, ती बाई नात्यातली वाटायला लागली.

सासू म्हाळसा आणि सून बाना, अशा घरात मल्हारी कोण हे विचारायची सोय नव्हती. पण मल्हारीचाच प्रश्न त्या दिवशी सुटायचा होता.

चंपाषष्ठीला या घरात सट म्हणतात. आषाढी एकादशीपासून घरात वांगं शिजत नाही. सटीला पाच पुरुषांनी तळी उचलायची, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मग वांग्यावर तुटून पडायचं. तळी म्हणजे पितळेची परात. तिच्यात पान-सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि पिवळ्याधमक भंडाऱ्याची रास. इतकी वर्षं तळी पैठणकडच्या गावी, सोनाजी तात्यांच्या घरी उचलली जायची. तात्या केरबाचे चुलते, भावकीतले वडील. त्यांना मूलबाळ नव्हतं, मेंढरं विकून झाली होती आणि गुडघ्यांनी संप केला होता. तेव्हा कुळाचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले देव, एका पुतण्याच्या हवाली करायचे त्यांनी ठरवलं होतं. पुतणे दोन. चिकलठाण्याचा केरबा आणि हर्सूलचा फकिरा. यंदाची तळी केरबाकडं उचलायची आणि तिथंच काय ते ठरवायचं, असं तात्यांनी कळवलं होतं.

फकिराचं घर दुमजली, देवघराला संगमरवरी फरशी. केरबाचं देवघर स्वयंपाकाच्या ओट्याशेजारच्या फळीवर. देवाला गॅसजवळ बसवणार का, असं फकिरा मागं एकदा येऊन हसून विचारून गेला होता आणि ते केरबाच्या काळजात घुसलं होतं. कारण टाक त्याला मनापासून हवे होते. लहानपणी कळपामागं फिरताना बापाच्या गळ्यात देवांचा बटवा असायचा. माळावर घोंगडी टाकून निजताना बाप तो बटवा पोराच्या उशाशी ठेवायचा आणि मग लांडग्याची भीती वाटायची नाही. बाप गेला, बटवा तात्यांच्या गळ्यात गेला आणि तशी निर्धास्त झोप केरबाला पुन्हा लागली नव्हती. देव घरी आले तर बाप घरी आल्यासारखं होईल, एवढंच त्याला वाटत होतं. हे तो कुणाला बोलला नव्हता. त्याऐवजी तो कॅसरोल करायला निघाला.

त्याचा हिशेब साधा होता. नैवेद्य बानाबाईनं करायचा, पण पाहुण्यांच्या पानात असं काही वाढायचं की तात्यांनी म्हणावं, पोरगं शहरात राहून शिकलं, देव इथं उपाशी मरायचा नाही.

पहिली पाळी संपवून, मुकुंदवाडीच्या दुकानातून नूडल्सची पाकिटं घेऊन तो घरी आला. घरात आता गडबड होती. बानाबाई धूर नको म्हणून शेगडी घेऊन गच्चीवर वांगी आणि रोडगे भाजत होती. तात्या, फकिरा आणि फकिराची दोन तरणी पोरं बाहेरच्या खोलीत पावसापाण्याच्या गप्पा मारत होती. म्हाळसाबाई मोतीबिंदूच्या डोळ्यांनी देवाचे दिवे चाचपत होती. केरबानं बाह्या सावरल्या.

भट्टी नव्हती, म्हणून जाड तवा बारीक आचेवर ठेवला. चीज परवडणारं नव्हतं, म्हणून टोस्ट कुटून त्यात बेसन आणि लोणी चोळलं. रंग येईना, तेव्हा हळद घातली. तरी व्हिडिओतल्यासारखा रंग दिसेना, तेव्हा आणखी घातली. तव्यावर बसेल असं पसरट भांडं मात्र घरात सापडेना. इतक्यात ओट्याखाली एक जाड पितळी परात दिसली, चिंचेनं घासून लख्ख केलेली, जणू त्याचीच वाट पाहत असलेली. बायकोनं आपली गरज ओळखून काढून ठेवली असणार, असं त्याला वाटलं. बायकोनं गरज ओळखली असं वाटणं हीच खरं तर धोक्याची घंटा होती. परात तात्यांनी सकाळी गावाहून फडक्यात बांधून आणली होती. म्हाळसाबाईनं घासून ठेवली होती. ती तळीची परात होती आणि केरबा त्या वेळी कंपनीत साचे सोडवत होता.

थर लागले. वर झाकण बसलं. बऱ्याच वेळानं झाकण उचललं तेव्हा केरबा स्वतःच दोन पावलं मागं सरला. परातीत पिवळाधमक डोंगर फुगून वर आला होता, कडेनं सोनेरी, माथ्यावर भुरभुरीत. आपल्या हातून हे झालं यावर त्याचा विश्वास बसेना. व्हिडिओतली बाई म्हणाली होती की भाजल्यावर थोडा वेळ मुरू द्या. ओट्यावर तर वांग्यांची देठं, पीठ आणि पातेली यांची जत्रा भरली होती. रिकामी जागा एकच होती, देवाच्या फळीखालचा पाट. त्यावर गोणपाटाची घडी टाकून केरबानं परात ठेवली आणि तळीसाठी अंघोळ करायला गेला.

तो अंगावर पाणी घेत असताना म्हाळसाबाई देवासमोर आली. पाटावर परात आणि परातीत पिवळी रास. एवढं दिसायला मोतीबिंदू आड येत नाही. तात्याभावजींनी तळी भरून ठेवली, असं समजून तिनं राशीवर पान-सुपारी मांडली, खोबऱ्याची वाटी रोवली. बोटांना ऊब लागली, पण देवाच्या वस्तूत ऊब असायचीच, असं म्हणून तिनं हात जोडले. मग तिनं बाहेर निरोप दिला. तात्या आत आले, त्यांना वाटलं वहिनीनं भंडारा भरला. एवढी उंच रास पाहून ते खूशही झाले. भंडारा सांडायला हात आखडला नाही, म्हणजे घर मनानं मोठं होतं.

केरबा ओल्या केसांनी बाहेर आला तेव्हा चौघे पाटाभोवती बसले होते. तात्या, फकिरा आणि फकिराची दोन्ही पोरं. पाचवी जागा त्याची रिकामी होती. सगळ्यांच्या मध्ये त्याचं कॅसरोल कपाळाला पान-सुपारी लावून नवरदेवासारखं बसलं होतं.

सांगावं, तर फकिरापुढं शोभा आणि देव हर्सूलला. न सांगावं, तर खंडोबाच्या तळीत नूडल्स. त्यानं तोंड उघडलं.

"तात्या, जरा ऐका..."

"आधी हात लाव," तात्या म्हणाले. "तळी भरल्यावर बोलत नसतेत."

चार जोडी डोळे त्याच्याकडं लागले होते. केरबा बसला. या भावकीत तळीचा नियम कडक होता. ती तीनदा उचलायची आणि दर वेळी जयघोष संपेपर्यंत हात सोडायचा नाही. ज्याचा हात सुटला त्याच्यावर देवाची मर्जी नाही.

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

परात वर गेली आणि बाकी चौघांचे चेहरे एकदम बदलले. जाड पितळ, तास-दीड तास तव्यावर तापलेलं. वरून गार दिसत होतं, पण घडीवर टेकलेल्या बुडात कंपनीच्या साच्याइतकी धग होती. फकिराच्या थोरल्या पोरानं जयघोषातला शेवटचा शब्द इतका लांबवला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. परात खाली टेकली. सगळ्यांनी बोटं धोतराला, पँटीला पुसली आणि एकमेकांकडं पाहिलं. भंडारा तापतो हे कुणीच कधी ऐकलं नव्हतं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते धगीचं होतं की भक्तीचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"देव जागा हाय," ते हळूच म्हणाले. "लई जागा हाय."

दुसऱ्या खेपेला धाकटं पोर निसटलं. तिसऱ्या खेपेला थोरल्यानं हात काढला आणि पाठोपाठ, ज्याचं देवघर संगमरवरी होतं त्या फकिरानं आई गं म्हणून दोन्ही हात काखेत घातले. परात एका बाजूनं कलली. तात्यांच्या म्हाताऱ्या बोटांना ती पेलेना. सगळा भार केरबाच्या हातांवर आला. पण ते हात रोज तापल्या साच्यातून माल उपसणारे होते, त्यांचं कातडं पायताणासारखं झालेलं. त्यानं परात सावरली, कपाळाइतकी उंच नेली, एकट्यानं जयघोष पुरा केला आणि अलगद पाटावर ठेवली. त्याला हाताला काही लागलं नव्हतं. लाज मात्र कानशिलापर्यंत चढली होती.

म्हाळसाबाईनं पदर डोळ्यांना लावला. तात्यांनी कपाळाला भंडारा लावण्यासाठी राशीत चिमूट घातली. माथा कर्रकन फुटला. चिमटीबरोबर एक कुरळी, पिवळी, वाफाळती तार बाहेर आली, लांबत गेली, आणि तात्यांचा हात डोक्याच्या वर गेला तरी संपली नाही.

आता सगळं संपलं हे केरबाला कळलं. त्यानं तात्यांचे पाय धरले आणि सांगून टाकलं. हा भंडारा नाही, नूडल्स आहेत. पाकिटातल्या. वर टोस्टचा चुरा आहे. परात तळीची आहे हे ठाऊक नव्हतं. देव खुशाल फकिराकडं द्या, पण माझ्या आईला बोल लावू नका.

फकिरानं काखेतले हात काढून ऐसपैस मांडी घातली. त्याला बोलायचं होतं, पण तात्यांनी हात वर केला. ते त्या तारांकडं पाहत होते. साऱ्या जन्मात त्यांनी जेवढं रान पाहिलं नसेल तेवढी मेंढरं पाहिली होती.

"वहिनी, हे बघा," ते म्हणाले. "कोकराची लोकर हाय ही. नव्या कोकराची. अशीच कुरळी असती."

म्हाळसाबाईनं चाचपलं. "व्हय की वं," ती म्हणाली. "अन् ऊनऊन. आत्ता जल्मल्यावाणी."

"तात्या, दुकानातून आणल्यात मी," केरबा काकुळतीला आला. एका खऱ्या बोलण्यासाठी माणसानं इतकं झगडावं, ही वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"पाकीट तू आणलंस," तात्या म्हणाले. "तळीत कुणी बसवलं? तुला ठाव नव्हतं, वहिनीला दिसत नव्हतं, मला कळलं नाय. मग कुणी बसवलं ते सांग. देवानं बानूची मेंढरं राखली व्हती, इसरलास का? आमची मेंढरं गेली म्हणून त्यो लोकर घिऊन आला."

आपणच थर लावलेल्या त्या परातीकडं पाहताना केरबाच्या अंगावर काटा आला. एवढा उंच डोंगर एवढ्याशा पाकिटांतून वर आला कसा, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

तात्यांनी गळ्यातला बटवा काढून केरबाच्या ओंजळीत ठेवला. तो हलका होता आणि त्याला बापाच्या घोंगडीचा वास होता. केरबा रडला. लपवायचं त्याला सुचलं नाही. तेवढ्यात बानाबाई भरताचं पातेलं घेऊन गच्चीवरून उतरली. नवरा देव हातात घेऊन रडतोय, फकिराभावजी फुंकर घालून बोटं गार करतायत आणि चुलतसासरे नूडल्सला हात जोडून बसलेत, हे पाहून तिनं पातेलं आधी खाली ठेवलं.

नूडल्स परसाद म्हणून सगळ्यांना वाटल्या. फकिरानं तीनदा घेतल्या. देव गेले तर गेले, चव चांगली आहे, असं तो पोरांना म्हणाला.

जेवणं झाल्यावर तात्यांनी सुपारी कातरली आणि भावकीचा वडील म्हणून दोन गोष्टी सांगितल्या. तळीत बसलं तो कुळाचार, तेव्हा दर सटीला हा नैवेद्य केरबानंच करायचा, असाच, याच परातीत. केरबानं मान डोलावली. त्याला अभिमान वाटला. आणि दुसरं म्हणजे, नैवेद्याच्या जिन्नसाला जो नेम तोच यालाही. वांगं जसं, तसंच हे. आषाढी एकादशीपासून सटीपर्यंत घरातल्या कुणीही तोंडात घालायचं नाही.

केरबानं मान अर्धी डोलावली आणि तिथंच थांबवली.

पुढच्या श्रावणात, दुसऱ्या पाळीला, किटलीला उकळी फुटली. पुंजारामानं पाकीट फाडलं आणि मसाल्याचा वास शेडभर पसरला. केरबा डबा उघडून गार पिठल्याकडं पाहत होता.

"काय रं, नूडल्सबी सोडल्या?" पुंजारामानं विचारलं. "वांगं समजू शकतो. पण हे कुठल्या देवाला चालत नाय?"

"माझ्याच," केरबा म्हणाला आणि वाफेकडं पाठ करून जेवायला बसला.