राजा चार दिवस आधी आला

सांताला घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही, असं बाल्दोमेरोने ठरवलं तेव्हा तो आंघोळ करत होता. (अंगाला साबण असताना माणसाने काही ठरवू नये असं आपलं माझं मत. निसटतं.)

पोर्तो रिकोच्या त्या डोंगरात पोरांना खेळणी कोण देतं? तीन राजे, बाळ येशूला भेटी घेऊन गेलेले. सहा जानेवारीला, घोड्यावर बसून. पोरांनी खोक्यात गवत भरून पलंगाखाली ठेवायचं, घोड्यांनी गवत खायचं, राजांनी खेळणं ठेवून जायचं. रोखठोक व्यवहार. त्यात हा लाल कपड्यांतला ढेरपोट्या कुठून घुसला? म्हणे बर्फातून येतो. गावात बर्फ एकाच ठिकाणी होतं, चेग्वीच्या दुकानात, मासळीच्या पेटीत.

हे भाषण त्याने चेग्वीला ऐकवलं, पोस्टमनला ऐकवलं, आणि ते दोघं निघून गेल्यावर कोंबड्यांना ऐकवलं.

आता खरं सांगू का? लेक मिग्दालिया तिकडे अमेरिकेत, ऑर्लँडोला. ती आणि सात वर्षांचा नातू यादिएल नाताळाला येणार आणि तीन तारखेच्या विमानाने परत जाणार. बायको गेल्यापासून त्या घरात दुसरं ताट मांडलं गेलं नव्हतं. नाताळची खेळणी बंद करून सगळं सहा तारखेवर ढकललं, की पोरगं हटून बसेल, तिकिटं पुढे ढकलावी लागतील, आणि घरात आणखी थोडे दिवस आवाज राहील. एवढ्यासाठी म्हातारा अख्ख्या अमेरिकेशी भांडायला उभा राहिला होता.

पाहुणे आले. यादिएलने पिशवीतून हवा भरायचा सांता काढला, दारापेक्षा उंच.

"घरात नाही," बाल्दोमेरो म्हणाला.

पोराचा ओठ थरथरला.

"अंगणात चालेल." (तत्त्व म्हणजे तत्त्व.)

मिग्दालियाने बापाचं ऐकलं आणि नाताळ कोरडा गेला.

"आजोबा, सांताने काहीच आणलं नाही."

"तो इथे येत नाही, बाळा. घामाने मरेल. इथे राजे येतात, सहाला."

"आम्ही तर तीनला जाणार."

"अरेरे," म्हातारा म्हणाला, पण इतकं रंगवून, की मिग्दालियाने कांदा चिरता चिरता मान वर केली.

"मग राजे ऑर्लँडोला येतील," यादिएल म्हणाला.

"घोडे आहेत ते. समुद्र कसा ओलांडणार?"

"मग इथे कसे आले? हे बेट आहे ना?"

बाल्दोमेरोला खोकला आला. (उत्तर नसलं की त्याला खोकला यायचा. बायको बिचारी जन्मभर त्याला दमेकरी समजून काढे पाजत राहिली.)

पोरगं आईकडे गेलं. "आई, राजे खोटे आहेत. सांता निदान विमानतळावर तरी दिसला होता."

हे मात्र लागलं. पोराचा राजांवरचा विश्वासच उडाला, तर हट्ट करणार कोण? म्हणून दोन तारखेला दुपारी बाल्दोमेरो मागच्या वाटेने चेग्वीकडे गेला. बेत साधा होता. राजा फाटकाशी येईल, हात हलवेल, "सहाला भेटू" म्हणेल आणि जाईल. डोक्यावर बिस्किटाच्या डब्याचा मुकुट, अंगावर पडदा, हनुवटीला गादीतला कापूस.

"लेका, तुला घोड्यावर बसता येतं?" चेग्वीने विचारलं.

"लहानपणी बसायचो की."

"ते गाढव होतं. माझंच. आणि त्यानेही तुला पाडलं होतं."

चेग्वीची घोडी फाटकापर्यंत शहाण्यासारखी आली. तेवढ्यात वारा सुटला आणि अंगणातला सांता कमरेत वाकला. घोडीने असला प्राणी जन्मात पाहिला नव्हता. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि राजा केळीच्या बुंध्याशी पोचला.

यादिएल मूठभर गवत घेऊन धावत आला.

"राजे, लागलं का?"

राजा कण्हला.

"तुम्हाला आजोबांसारखा वास येतो."

"गुडघ्याला चोळायचं औषध... त्यांच्याकडूनच घेतलं."

"ते कुठे गेले?"

"कोंबड्या हाकायला."

पोराने राजाकडे डोळे भरून पाहिलं. "तुम्ही माझ्यासाठी चार दिवस आधी आलात?"

आता सांगा, त्या तोंडाकडे बघून कुठला राजा नाही म्हणेल? बाल्दोमेरो "हो" म्हणाला आणि त्याच शब्दाबरोबर सगळं राजकारण मातीत गेलं. "आजोबांच्या पलंगाखाली बघ."

पलंगाखाली छोटी गिटार होती. ती छातीशी धरून पोरगं परत आलं आणि राजाच्या कानाला लागलं. "मी सहापर्यंत थांबायला रडणार होतो. आता नाही रडत. चारला आमच्या वर्गातल्या मुलाचा वाढदिवस आहे."

तीन तारखेला विमानतळावर मिग्दालिया म्हणाली, "बाबा, कंबर शेकत जा."

"ओळखलंस?"

"पडदा आईने शिवलेला होता." मग म्हणाली, "राहा म्हणून एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर राहिली असतीस?"

"माहीत नाही. पण विचारायचं."

"माझा प्रश्न तत्त्वाचा होता," बाल्दोमेरो म्हणाला आणि त्याला खूप खोकला आला.

सहा तारखेला फोन वाजला. यादिएलने ऑर्लँडोतही पलंगाखाली गवत ठेवलं होतं आणि राजे येऊन गेले होते. "बाबा, तुम्ही जिंकलात," मिग्दालिया म्हणाली. "आता दरवर्षी राजांचा सण आम्ही इथेच करणार." बाल्दोमेरो "छान, छान" म्हणाला. फोन ठेवल्यावर जिंकलेला माणूस ओसरीवर येऊन बसला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

मग चेग्वी आला.

"बाल्दो, पुढच्या डिसेंबरात दुकानात सांता बसवीन म्हणतो, पोरांसोबत फोटोला. हल्ली सगळेच बसवतात. तू दाढीत बरा दिसतोस."

"शिवी ऐकायला आलायस का?"

"बरं बाबा. पोस्टमन कार्मेलोला विचारतो."

चेग्वी फाटकापर्यंत गेला.

"पोरं मांडीवर किती वेळ बसतात?" मागून आवाज आला.

"फोटो निघेपर्यंत."

म्हाताऱ्याने हनुवटी खाजवली.

"फोटोवाला जरा सावकाश काम करणारा बघ," तो म्हणाला.