निंबाचं साफ रेकॉर्डिंग

सुरतेच्या लिंबायतमधल्या आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात निंबा सोनवणे घरातल्या सगळ्या गोधड्या खिळ्यांना टांगत होता. बाहेर चैत्राचं ऊन होतं आणि आत त्याची बायको कमल होती. दोन्हीकडे सारखंच तापलेलं होतं.

"थंडीमा मी एक जास्तीनी गोधडी मांगी तं दिन्ही नही," कमल म्हणाली, "आन आते भिंतीस्ले पांघरून घाली राहिनात."

"आवाज घुमाले नको. योगेंद्रभाऊनी सांगेल शे, आवाज साफ पाहिजे."

"साफ पाहिजे तं नळवर जाईसन धुई आना."

निंबा पुढची गोधडी टांगायला वळला. त्याला गळा सांभाळायचा होता.

हा गळा म्हणजे निंबाची एकुलती एक इस्टेट. खाली शेठच्या कारखान्यात तो कापडाचा लूम चालवायचा, पण लूम काय, लिंबायतमध्ये ज्याला त्याला चालवता येत होते. लूम चालवता चालवता गाणारा मात्र निंबा एकटाच. सकाळची पाळी सुरू झाली की तो जो गळा मोकळा सोडायचा, तो थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत. निंबासारखा गाणारा नंदुरबारपासून वापीपर्यंत सापडणार नाही, असं सगळे कारागीर सांगायचे. हा शाळा शिकला नाही, शेतीत रमला नाही, सुरतेला येऊन कारागिरांवरचा साधा मास्टरही झाला नाही, अशी नातेवाइकांची कुरकुर होती. कॅसेटच्या कव्हरवर एकदा फोटो आला की या सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. फोटो त्याने आधीच काढून ठेवला होता, गळ्यात मफलर घालून.

कॅसेट काढणार होता योगेंद्र. पांडेसऱ्यात त्याचं कॅसेटचं दुकान होतं आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत अहिराणी लग्नगीतांची कॅसेट बाजारात आणायची म्हणून त्याची धावपळ चालली होती. बायकांचे आवाज मिळाले होते, एका पुरुषाच्या आवाजाची जागा तेवढी शिल्लक होती. निंबाने घरी टेप केलेला पहिला नमुना नेऊन दिला, तेव्हा योगेंद्रने तो ऐकला, कॅसेट काढली, उलटी करून पाहिली आणि विचारलं, "निंबाभाऊ, यात कारखाना गातोय. तुम्ही कुठे आहात?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. निंबाची खोली कारखान्याच्या बरोबर डोक्यावर होती आणि लूमची खडखड फरशीतून वर यायची. म्हणून दुसरा नमुना त्याने वीजकपातीच्या सुट्टीला टू-इन-वनमध्ये सेल घालून टेप केला. त्या दिवशी लूम बंद होते, पण सगळे कारागीर घरी होते. आयुष्यभर लूमच्या वर आवाज चढवून बोलायची त्यांना सवय. या गल्लीत नवरा बायकोच्या कानात काही सांगायला गेला तरी पलीकडच्या बिऱ्हाडातून उत्तर यायचं.

"सुभद्राबाईंची बादली मग सापडली का?" दुसरी कॅसेट ऐकून योगेंद्रने विचारलं.

"भाऊ, त्यात माझं गाणं आहे."

"असेल. एकदा जवळून कोणी तरी ओरडतं, एकदा लांबून. असं नाही चालायचं. आवाज सारखा पाहिजे आणि साफ पाहिजे. बुधवारपर्यंत आणा, नाहीतर नवागामचा एक पोरगा तयार बसलाय."

सारखेपणाची तोड निंबाने आपल्या धंद्यातूनच काढली. सुताचा एक धागा त्याने माइकला बांधला आणि त्याचं दुसरं टोक आपल्या शर्टाच्या वरच्या बटणाला. धागा सैल पडला की आपण जवळ गेलो आणि फार ताणला की लांब. त्यावर नजर ठेवायला कमलला बसवलं. टेपचं बटण दाबायचं काम निंबाचे वडील लोटूबाबा यांनी हट्टाने मागून घेतलं, कारण वय झाल्यापासून घरात त्यांना कोणी कुठल्याच बटणाला हात लावू देत नव्हतं. आता राहिला फक्त कारखाना. चालू दिवशी, लोक कामावर आणि पोरं शाळेत असताना, तो थोडा वेळ थांबायला हवा होता. मंगळवारी सकाळी निंबाने कारखान्याचा मास्टर दगा याला बाहेर बोलावून घेतलं.

"दगाभाऊ, अर्धा तास लूम बंद करशी का?"

"बंद? कोन गया?"

"कोनी नही. माले गानं टेप करनं शे."

"निंबा, मयत व्हयल्याबिगर हाऊ कारखाना बंद व्हत नही. तुले माहीत शे."

हे खरं होतं. गल्लीत कोणी गेलं की तिरडी गल्लीबाहेर पडेपर्यंत लूम थांबवायचे, एवढी एक रीत शेठच्या वडिलांपासून चालत आली होती. ताप, सण, सासुरवाडीचे पाहुणे, असल्या कारणांची तिथे डाळ शिजत नव्हती. पण निंबाचं तोंड पाहून दगा विरघळला. "तू वर जाय," तो म्हणाला. "मी शेठले फोन करी देखस."

फोनवर काय झालं ते निंबाला नंतर कळलं. शेठने विचारलं, "कोण गुजरी गयुं?" दगाला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तयारीही नव्हती. त्याच वेळी समोरच्या जिन्यावरून लोटूबाबा खांद्यावर टॉवेल टाकून वर चढत होते. दगाच्या तोंडून तेच नाव निघून गेलं.

लूम थांबले. लिंबायतमध्ये माणसं लूमच्या आवाजात गाढ झोपतात आणि तो थांबला की दचकून उठतात. रात्रपाळीचे कारागीर लुंग्या सावरत गल्लीत आले. नळावरच्या बायका घागरी तशाच टाकून आल्या. कोण गेलं, असं सगळ्यांनी एकदमच विचारलं आणि दगाने खाली मान घालून लोटूबाबांचं नाव सांगितलं. खरं बोलायचं तर पुन्हा शेठला फोन करावा लागला असता, आणि तेवढी त्याची छाती नव्हती.

वर गोधड्यांच्या आत यातलं काही पोचलं नव्हतं. पंखा बंद, खिडकी बंद, मोरीच्या भोकात चिंध्या. तिघांच्याही अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. निंबाने धागा ताणला, कमलने मान हलवली, लोटूबाबांनी बटण दाबलं.

"मांडव सजना वं माय, दारमा..."

एवढं होतंय तोच खालून कोणीतरी हेल काढून रडल्याचं ऐकू आलं. लोटूबाबांनी बटण बंद केलं.

"कोन मरनं रे?"

कमलने खिडकीवरच्या गोधडीचा कोपरा उचलून पाहिलं. "गल्लीमा गर्दी शे. बांबू बी उनात."

"त्याले बी आजच मरनं व्हतं का?" निंबा कळवळून म्हणाला. "एक दिन दम धरता नही उना."

"असं बोलू नही," लोटूबाबा म्हणाले. "आपले जावं लागी. कोनी बी ऱ्हावो, खांदा तं देनाच पडस."

"एक गानं व्हऊ द्या बा. मंग जाऊत."

लोटूबाबांनी नाखुशीनेच पुन्हा बटण दाबलं. निंबाने तोंड उघडलं आणि जिन्यावर पावलं वाजली. पाठोपाठ दाराबाहेर सुभद्राबाईंचा आवाज सुटला. गल्लीतल्या प्रत्येक मयतीला पहिला मान त्यांचा असायचा.

"लोटूबाबा हो, आमले सोडीसन तुम्ही कथा गयात हो..."

धागा पार सैल पडला तरी कमलच्या लक्षात आलं नाही.

"बा," निंबा हळूच म्हणाला, "हाई तुमना नावनं रडनं शे."

"माले आयकू येस."

निंबा दार उघडायला वळला, तशी म्हाताऱ्याने धागा पकडून त्याला मागे ओढलं. "थांब जरासा. आयकू दे."

बाहेर लोटूबाबांच्या गुणांची उजळणी चालली होती. कोणाच्या तापलेल्या पोराला त्यांनी खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं, कोणाच्या लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत वाढलं होतं. 'देवमाणूस' हा शब्द आला तेव्हा लोटूबाबांनी कमलकडे पाहिलं, कारण सकाळीच तिने त्यांना दुसरा चहा नाकारला होता. कमलने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. बाहेरच्यांना तो सुनेचा हुंदका वाटला आणि रडण्याला आणखी जोर आला.

शेवटी कोणीतरी दार ढकललंच. दारावरची गोधडी खिळ्यासकट सुभद्राबाईंच्या अंगावर पडली. तिच्यातून त्या कशाबशा बाहेर आल्या, तर समोर लोटूबाबा डोक्यापासून पायापर्यंत ओलेचिंब उभे.

"आंघोळ घालेल शे," मागून कोणीतरी समाधानाने म्हणालं.

"मी काई मरेल नही शे," लोटूबाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा ओशाळेपणा होता.

सुभद्राबाईंनी डोळे पुसले. "मंग आधी सांगाले काय व्हयनं व्हतं? मी चूल टाकीसन उनू."

एवढ्यात शेठ रिक्षातून हार घेऊन आले. "अरे, आ तो जीवे छे," ते दगाला म्हणाले. दगाने तिथल्या तिथे सगळं कबूल केलं. शेठ चिडले असते, पण हातात हार घेऊन चिडणं बरं दिसत नाही, आणि मयतीचा हार परत घरी नेणं त्याहून वाईट. त्यांनी तो लोटूबाबांच्याच गळ्यात घातला आणि लूम चालू करायला सांगितलं.

इथे नवाच घोळ झाला. रीत अशी होती की तिरडी गल्लीबाहेर पडली की लूम चालू. तिरडीच नाही तर चालू कधी करायचे? तसेच केले तर अपशकुन होईल, खरंच कोणीतरी जाईल, असं सुभद्राबाईंचं मत पडलं. सगळी गल्ली आशेने लोटूबाबांकडे पाहू लागली. आपण कुठेही जाणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. अखेर शेठनेच तोड काढली. निंबाचं गाणं पुरं झालं की कारखाना चालू. काहीतरी पुरं झालं म्हणजे झालं, हे सगळ्यांना पटलं.

गल्ली ऐकायला बसली. बायका जिन्यावर, कारागीर खाली, शेठ रिक्षात. लूम थांबलेले, रडणं थांबलेलं, आणि कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. योगेंद्रला हवी होती तशी शांतता लिंबायतमध्ये बहुधा पहिल्यांदाच अवतरली होती. निंबाने धागा ताणला आणि गाणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकदाही न अडता, सारख्या अंतरावरून म्हटलं.

आवाज फार साफ आला. इतका साफ, की पहिल्या ओळीतला सूर दुसऱ्या ओळीत कुठल्या शब्दावर हरवला तेसुद्धा कळलं. गळा वर चढायचा तिथे तो बाजूला सरकायचा, आणि दर कडव्यात नेमका तिथूनच सरकायचा; सारखेपणात कसर नव्हती. तेव्हा कुठे गल्लीची तोंडं मयतीला आल्यासारखी झाली. इतकी वर्षं निंबाचं गाणं सगळ्यांनी पाहिलं होतं, ऐकलं कोणीच नव्हतं. या कोणीचमध्ये निंबाही आला.

लोटूबाबांनी टेप मागे घेऊन लावला. निंबाने उभ्या उभ्या सगळं ऐकलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

"ह्या गोधड्याच खराब शेतस," कमल म्हणाली. "आवाज खाई टाकतस."

"गोधड्या चांगल्या शेतस," निंबा म्हणाला. त्याने बटणाचा धागा दाताने तोडला.

ती कॅसेट पांडेसऱ्याला गेलीच नाही. तिच्यात गाण्याच्या आधी सुभद्राबाईंचं रडणं झकास साफ उतरलं होतं, म्हणून लोटूबाबांनी ती ठेवून घेतली आणि पुढे कोणी पाहुणा आला की चहाबरोबर तेवढंच ऐकवू लागले.

त्या सकाळी मात्र निंबा जिना उतरून खाली आला, तेव्हा लोकांनी त्याला वाट करून दिली. "चालू कर, दगाभाऊ," तो म्हणाला. "लोकेस्नी पाळी बुडी राहिनी."

एकेक करत सगळे लूम चालू झाले. निंबा आपल्या लूमजवळ जाऊन उभा राहिला. सवयीने त्याचं तोंड उघडलं आणि त्याने ते पुन्हा मिटलं. शेजारच्या लूमवरच्या हिलालने ते पाहिलं आणि हातानेच खूण केली, गा. निंबाने इकडेतिकडे पाहिलं आणि गळा मोकळा सोडला. हिलालने त्याच्या ओठांकडे पाहत नेहमीसारखी मान डोलावली आणि 'वा' म्हटलं. ते निंबाला ऐकू आलं नाही, पण हिलालचे ओठ तसे हललेले दिसले. त्याने पुढचं कडवं घेतलं.