सासऱ्यांची पिकअप आणि माझं माप

मी संशयी नाही, सावध आहे. (एकवीस वर्षं गोदामात कारकुनी केली की आलेला माल उलटून पाहायची सवय लागते, एवढंच.)

सासरे गेले आणि त्यांची जुनी पिकअप आमच्या अंगणात आली. गोल बॉनेट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा आणि खाली चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, अशी गंजलेली की हात लावला तरी पोपडे पडावेत. बायको येता-जाता बॉनेटवरून हात फिरवायची. ते मला बघवेना. शिवाय, खरं सांगायचं तर, ती गाडी चालवायची माझी लग्नापासूनची इच्छा. सासऱ्यांनी हयातीत किल्लीला हात लावू दिला नव्हता. (मी त्यांच्या फाटकाला स्कूटर धडकवली होती. एकदाच. दुसऱ्या वेळी कुंपण होतं.) आता अडवणारं कोणी नव्हतं. एका रविवारी मी गाडी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये ओढून नेली.

मिस्त्रीने खाली डोकं घालून पाहिलं. "वरचं अंग ठणठणीत आहे, खालचं गेलंय. माझ्याकडे शर्यतीच्या गाडीची चासी पडून आहे. तिच्यावर बसवू."

"मग ती शर्यतीची गाडी कुठे गेली?"

"ठोकली. चासी चांगली होती, चालवणारा वाईट होता."

असं फटकन उत्तर देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. त्यात त्याने खिशातून टेप काढली. "साहेब, या स्टुलावर बसा. कंबर ते टाच माप घेतो."

मी पाय आखडून घेतले. "गाडी करताय की मला पँट शिवताय?"

"लागतं, साहेब."

"कशाला लागतं ते लेखी द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टेप खिशात टाकली. मी जिंकल्यासारखा घरी आलो.

पुढच्या आठवड्यापासून बायको दुपारी गॅरेजला जाऊ लागली. "बाबांची गाडी आहे, बघून येते," म्हणायची. परतताना बोटांना ग्रीस आणि चेहऱ्यावर हसू. काय झालं विचारलं की "काही नाही." मग एका सकाळी, मी ऑफिसला निघताना, कहर झाला.

"अहो, तुमचं वजन किती?"

"का?"

"सहज."

एकोणीस वर्षांच्या संसारात या बाईने सहज काही विचारल्याचं मला आठवत नाही. तिने शेजारणीचा वजनकाटा आणला आणि मला बुटांसकट, बॅगसकट त्यावर उभं केलं. आकडा कागदावर लिहून कागद पर्समध्ये ठेवला. मन चिंती ते वैरी न चिंती. विमा? की डॉक्टरांनी तिला काही सांगितलंय आणि माझ्यापासून लपवलंय? त्या दिवशी गोदामात मी एकच पावती तीनदा लिहिली. चौथी न लिहिता अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट गॅरेज गाठलं.

पिकअप उभी होती. जमिनीला टेकेल इतकी खाली, रंग नवा, चारी चाकांखाली चार सपाट वजनकाटे. स्टिअरिंगमागे माझी बायको. तिच्या शेजारच्या सीटवर वाळूची दोन पोती, आणि वरच्या पोत्यावर खडूने लिहिलेलं: 'साहेब'.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुम्ही," मिस्त्री म्हणाला. "शर्यतीची चासी बसणाऱ्यांच्या वजनावर जुळवावी लागते. वहिनी इकडे, तुम्ही तिकडे."

"पण गाडी मी चालवणार होतो."

"ही सीट सरकत नाही, साहेब. चालवणाऱ्याच्या पायाच्या मापाने पक्की ठोकतात. तुम्ही माप दिलं नाहीत, वहिनींनी दिलं."

मी तरीही बसून पाहिलं. गुडघे स्टिअरिंगखाली असे अडकले की मला काढायला दोघं लागले. बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "सीट मागे घेता येईल का?" मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. बायको किल्लीकडे पाहत होती. मला माझं उत्तर मिळालं.

मग पोती उतरवली आणि मी चढलो. "पट्टा बांधा आपला," ती म्हणाली. खिडकीवर कोपर टेकवून तिने गाडी काढली, थेट सासऱ्यांसारखी. किती खुशीत होती. मलाही मनापासून बरं वाटलं, पहिल्या वळणापर्यंत. तिथे मी "हळू" म्हणालो, दुसऱ्या वळणावर "ब्रेक", तिसऱ्यावर काही न बोलता तिच्या बाजूला कोसळलो. फेरी मारून आम्ही गॅरेजला परतलो.

"कशी आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"वळणावर एकीकडे झुकते," बायको म्हणाली. "सकाळी फेरी मारली तेव्हा झुकत नव्हती."

"सकाळी पोती होती. ती जागची हलत नाहीत."

बायको जरा विचार करून म्हणाली, "अहो, तुम्ही चालत या घरी. मी पुढे होते."

मी उतरलो. मिस्त्रीने पोती माझ्या जागी ठेवली. तिने वाकून त्यांना स्वतःच्या हाताने पट्टा बांधला, दोनदा ओढून पाहिला आणि वरच्या पोत्याला विचारलं, "नीट बसलात ना?"