शून्य मिनिटांचा विक्रम

विद्यापीठाच्या मैदानावर शंभर यार्डांची निवडचाचणी सकाळी दहाला व्हायची होती. धावपटू हजर होते, चुन्याच्या रेषा मारून झाल्या होत्या. फक्त स्टॉपवॉच कपाटात होते आणि कपाटाची किल्ली भांडारपालाबरोबर रजेवर गेली होती. चाचणी पुढे ढकलण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. म्हणून कुलसचिवांच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ उतरवून मैदानात एका खुर्चीवर बसवण्यात आले. त्याला सेकंदकाटा नव्हता. पण ते कार्यालयीन घड्याळ असल्यामुळे त्याच्यावर शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता.

शेवटच्या वर्षाचा एक किडकिडीत विद्यार्थी पहिला आला. मित्र त्याला बाण म्हणत. तो सुटला तेव्हा घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली होती, पोचला तेव्हाही दहा वाजून दहाच. कारकुनाने वजाबाकी केली, ती पुन्हा पडताळली आणि नोंदवहीत लिहिले : शून्य मिनिटे.

बाण हसला. नोंदवहीला हसू नये, हे त्याला कोणत्याच वर्गात शिकवलेले नव्हते.

आंतरविद्यापीठ सामन्यांसाठी निवड झाली, की क्रीडाशिक्षकाच्या प्रशिक्षणाला थेट प्रवेश मिळे. बाणाला दुसरे काही व्हायचेच नव्हते. वडिलांना हे पटत नसे. "पळून पळून जाणार कुठे?" ते जेवताना म्हणत. "शेवटी टेबलापाशीच यायचंय ना?"

नियमाप्रमाणे महिन्याने दुसरी चाचणी होई आणि तीत कामगिरी पहिलीपेक्षा खालावलेली चालत नसे. या वेळी भांडारपाल, किल्ली आणि स्टॉपवॉच असे तिघेही उपस्थित होते. बाण जीव तोडून धावला. बरोबर दहा सेकंद. प्रशिक्षकांचे डोळे भरून आले. निवड समिती मात्र गंभीर झाली.

"एका महिन्यात दहा सेकंदांची घसरण," कुलसचिव म्हणाले. "काय रे, घरी सगळं ठीक आहे ना?"

"सर, शून्य मिनिटांत कोणाला धावता येईल?"

"तुला आलंय की. नोंद आहे."

निवड झाली नाही. पण विक्रम शाबूत राहिला आणि विक्रमवीरांसाठी राखीव असलेल्या जागेवर त्याला विद्यापीठाच्याच क्रीडा कचेरीत कारकुनाची नोकरी मिळाली. धावण्याचा शेवटी उपयोग झाला, असे वडिलांनी सगळ्या नातेवाइकांना सांगितले.

पुढे नियम आणखी कडक झाला : विद्यापीठाच्या विक्रमाची बरोबरी करील त्याचीच निवड. त्यामुळे बावीस वर्षांत विद्यापीठाचा एकही धावपटू बाहेर जाऊन हरला नाही.

बाण आता हेडक्लार्क होता. पोट सुटले होते, जिना चढताना दम लागे. कचेरीच्या दारावर विक्रमांचा लाकडी फलक होता. त्यावरचे आपले नाव तो रोज सकाळी रुमालाने पुसे. नवे विद्यार्थी तो दिसला की बाजूला होत.

तेविसाव्या वर्षी त्याच्या बहिणीचा मुलगा अर्ज घेऊन आला. दहा सेकंदांत धावला होता.

"मामा, तू खरंच शून्य मिनिटांत धावलास?"

"तसं लिहिलंय."

"मग एवढं लिहून दे, की ती चूक होती. नवे कुलसचिव म्हणाले, विक्रमवीराने स्वतः सांगितलं तर नोंद रद्द करू. मुदत मार्चपर्यंत आहे."

बाणाने अर्ज दोनदा वाचला. सही करायला एक सेकंद पुरला असता. त्याने भाच्याच्या पायांकडे पाहिले, मग दारावरच्या फलकाकडे. मग चष्मा नीट करून अर्जावर शेरा मारला : विक्रमवीराचे म्हणणे मागवावे.

त्याप्रमाणे हेडक्लार्कने विक्रमवीराला पत्र पाठवले. ते विक्रमवीराला त्याच टेबलावर मिळाले. उत्तर आले नाही. हेडक्लार्कने कर्तव्यात कसूर केली नाही. मार्चपर्यंत तीन स्मरणपत्रे गेली. घरी बहिणीने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या हातात असतं तर कधीच केलं असतं गं."

भाचा आता शेजारच्या टेबलावर आवक-जावक पाहतो. मामाला चौथे स्मरणपत्र त्यानेच टाइप केले.

हे वाचून आपल्याला मामाचा राग आला असेल. आपल्या बाजूने झालेली नोंदीतली चूक आजवर ज्या वाचकाने आपण होऊन दुरुस्त करून घेतली असेल, त्याने तसे लेखी कळवावे. फलकावर जागा आहे.