हलू नका, फोटो काढून राहिलो

आमचे दिगांबर वायरमन मेलेल्या माणसाचा फोटो काढण्याआधी त्याला हलू नका म्हणून सांगतात. माणूस जाऊन पन्नास वर्षं झालेली असतात. समोर शेतातला समाधीचा ओटा, ओट्यावर नावाची फरशी आणि फरशीवर एखादी बकरी. वायरमन बकरी खाली उतरवतात, टोपी नीट करतात आणि म्हणतात, "राम राम, बापू. फोटो काढून राहिलो, हलू नका."

बापू हलत नाहीत. हलतो तो मी, कारण फरशीवर ऊन पडू नये म्हणून छत्री धरून मला उभं केलेलं असतं.

जगभरच्या थडग्यांची आणि समाध्यांची नोंद ठेवणारं एक संकेतस्थळ आहे. घराण्याची मुळं शोधणारी माणसं पुण्यात किंवा परदेशात बसून त्यावर विनंती टाकतात, की आमच्या पणजोबांचा ओटा अमुक शिवारात आहे, कुणी फोटो काढून देईल का? आमच्या सेनगाव तालुक्यात हे 'कुणी' म्हणजे वायरमन. नोकरीत त्यांनी सगळ्या शिवारात विजेचे पोल उभे केले, त्यामुळे कुणाचा ओटा कुठे हे त्यांना तोंडपाठ. फक्त पत्ता ते पोलावर सांगतात. "पाटलाच्या डीपीपासून चौथा पोल, तिथून उगवतीला वीस पावलं." त्यांच्या पिशवीत काथ्याचा ब्रश, पाण्याची बाटली आणि डबीभर ज्वारीचं पीठ असतं. झिजलेल्या अक्षरांवर पीठ चोळलं की नाव वाचता येतं. उरलेलं पीठ मुंग्यांना.

संकेतस्थळ इंग्रजीत असल्यामुळे या धर्मकार्यात माझी भरती झाली. मी एकतीस वर्षं सेनगावात इंग्रजी शिकवलं. ते मुलांना किती आलं हा वेगळा विषय, पण त्या संकेतस्थळावरची निम्मी बटणं मलाही कळली नव्हती. वायरमन मात्र माझ्या इंग्रजीवर विसंबून. "माणूस गेलं तं गेलं, सर," ते म्हणायचे. "पत्ता तं राहू द्या. बराबर हाय का न्हाई?"

माझ्या हातून काय घडू शकतं हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. एकदा त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून पुण्याच्या एका बाईंच्या आजोबांचा ओटा शोधायला साखऱ्याच्या शिवारात मी एकटाच गेलो. बोरीजवळ शेंदूर लावलेला दगड दिसला. फरशी पडून गेली असेल आणि नातेवाइकांनी श्रद्धेने शेंदूर लावला असेल, असा विद्वान निष्कर्ष काढून मी फोटो चढवला. बाई गहिवरल्या. त्यांच्या खानदानाने त्यावर मोबाईलवरूनच फुलं वाहिली. मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

वायरमननी फोटो पाहिला, बोटांनी मोठा केला आणि पुन्हा पाहिला.

"सर, हा म्हसोबा हाय," ते म्हणाले. "तिथं पोल उभा करायच्या आधी याच्यापुढं मी सोता नारळ फोडला. तुमी देवाला मयत दाखिवलं."

लंगडत येऊन त्यांनी मला म्हसोबासमोर उभं केलं, नारळ फोडायला लावला आणि माफी मागायला लावली. मी मराठीत मागितली, देवाशी इंग्रजी नको म्हटलं. खरे आजोबा तिथून तीस पावलांवर गवतात सापडले.

असल्या फेऱ्यांवरून परतताना वायरमन एक वाट हमखास वाकडी करायचे. त्यांच्या स्वतःच्या वावराच्या बांधावर एक पळस आहे, त्याच्या आडोशाला जाऊन चांगली पाच मिनिटं उभे राहायचे. उतारवयात असं व्हायचंच, म्हणून मी सभ्यपणे तोंड फिरवून उभा राहायचो. डॉक्टरला दाखवा, असंही एकदा सुचवलं. ते नुसते हसले.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्यांचं हसणं कमी झालं. धाकटा भाऊ अक्षय तृतीयेनंतर जेसीबी आणून तो बांध मोडणार होता, दोन्ही वावरं एक करायची म्हणून.

"त्याच्या आधी घरची एक नोंद करायची हाय, सर. बांध गेला की जागा गेली. पण नावाचा खाना रिकामा हाय, आणि नाव घातल्याबिगर ते पुढं सरकत न्हाई."

मला वाटलं, कोणी निजामाच्या काळातले खापरपणजोबा असणार. जुनी कागदपत्रं उर्दूत, म्हणून मी उर्दू मुळाक्षरांचं पुस्तक आणलं आणि तीन अक्षरांपर्यंत पोचलोही. चौथ्या अक्षराला वायरमन आले. "डोंगरकड्याला चला. अक्काला इचारतो."

अक्का म्हणजे डोंगरकडा गावात दिलेली त्यांची थोरली बहीण. ओसरीवर तुरी निवडत बसली होती. वायरमन तिच्यासमोर खाली बसले आणि चहा यायच्या आधीच म्हणाले, "अक्का, आपल्या पोरीचं नाव तू काय ठेवणार व्हती?"

अक्काचे हात सुपातच थांबले.

आमच्याकडे दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. त्याच्यावर ओटा नसतो, फरशी नसते. वायरमनची पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली होती. बारसं बाराव्या दिवशी. नाव आत्याने ठेवायचं, आणि ते आधी बाळाच्या कानात सांगायचं, तोवर कुणाला नाही. अक्का नाव ठरवून आली होती आणि ते तसंच घेऊन परत गेली होती. पुरलं ती जागा नवरा-बायको दोघांनाच ठाऊक होती. त्यातली वायरमनची बायको दोन वर्षांपूर्वी वारली. तेव्हाच त्यांना हा छंद लागला होता. मी सगळ्या तालुक्याचे पणजोबा जुळवून राहिलो, पण हे दोन आणि दोन मला कधी जुळले नाहीत.

"चाळीस वर्सं झाले," अक्का म्हणाली. "काहून इचारलं न्हाई?"

"तुला तकलीफ व्हईल म्हनून."

"मीबी त्याच्यासाठीच सांगितलं न्हाई. तुला व्हईल म्हनून." तिने सूप बाजूला ठेवलं. "इकडं ये. ते मोठ्यानं सांगत न्हाईत."

सत्तरीचा भाऊ गुडघा धरत तिच्याकडे सरकला. तिने त्याची टोपी काढली, कानाला तोंड लावलं, बारशात करतात तसं आधी कुर्रर्र केलं आणि मग नाव सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मला रडू आलं, आणि मी ते तुरीच्या भुसावर ढकललं.

परतताना आम्ही बांधावर गेलो. या वेळी मी तोंड फिरवलं नाही. वायरमननी मोबाईल माझ्याकडे न देता नाव स्वतःच्या बोटाने टाकलं, एकेक अक्षर शोधत. मी सवयीने छत्री उघडली. समोर वाचायला काहीच नव्हतं, पळसाखालचं वाळलं गवत तेवढं. तरी धरून उभा राहिलो.

त्यांनी टोपी नीट केली.

"राम राम, माय. फोटो काढून राहिलो." मग मोबाईल जरा खाली घेतला. "तू हललीस तरी चालते."