ध्रुवाच्या आड आलेली टाकी

आकाशाचे फोटो काढायला कोणतं सामान घ्यावं, हा प्रश्न आमच्या डोंगरकडा गावात कुणाला पडला तर त्यानं सरळ माझ्याकडं यावं! अजून कुणाला पडलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

मी मोजणी खात्यात भूकरमापक आहे. लोक 'मोजणीवाले रत्नपाल साहेब' म्हणतात. दुसऱ्याच्या बांधावर तिपाई रोवायची, यंत्राला डोळा लावायचा, दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद करायचं आणि जेवायला घरी यायचं, असं माझं काम. त्यामुळे तिपाई, पातळी, कोन या बाबतीत मला कुणी शिकवू नये, अशी माझी पक्की समजूत होती.

अख्खा पावसाळा मी अभ्यासात घातला. माझ्या मेव्हण्यानं हिंगोलीत हौसेनं भलीमोठी दुर्बीण घेतली होती. आता तिच्यावर टॉवेल वाळतात. ती चूक मला करायची नव्हती. फोटोसाठी नुसतं मोठं भिंग असून भागत नाही, ते ताऱ्यामागं फिरावं लागतं. पृथ्वी फिरत असते, म्हणून कॅमेरा जरा वेळ उघडा ठेवला की तारा शेवईसारखा लांबतो. तेव्हा मी एक वापरलेला कॅमेरा घेतला, एक चांगली लेन्स घेतली आणि कॅमेऱ्याला ताऱ्यांच्या चालीनं हळूहळू फिरवणारं एक छोटं मोटारीचं यंत्र घेतलं. लॅपटॉपवर दोन सॉफ्टवेअर टाकली. एक यंत्र चालवायला आणि दुसरं, ढीगभर फोटो एकावर एक रचून त्यातून एक स्वच्छ फोटो काढायला.

"घरातला मिक्सर बंद पडून महिना झाला," माझी बायको ज्योती म्हणाली.

"मिक्सर फिरतो, पण ताऱ्यामागं फिरत नाही," मी म्हणालो.

ती पाट्यावर चटणी वाटायला बसली. तो मी होकार समजलो.

या यंत्राची अट एकच. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्यावर बराबर रोखावा लागतो. ध्रुव सापडला नाही तर सगळं सामान म्हणजे नुसती महागडी तिपाई.

थंडीतल्या पहिल्या स्वच्छ संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर गेलो. पूर्वेला मृग वर आलेलं. त्यातला तेजोमेघ, म्हणजे वायूचा चमकता ढग, हेच माझं पहिलं गिऱ्हाईक. आधी ध्रुव धरावा म्हणून उत्तरेला वळलो. आपल्या भागात ध्रुव फार खाली असतो, घराघरांच्या छपरांवर टेकल्यासारखा. तिकडं बघतो तर ध्रुवाच्या जागी खाजाचाचांची पाण्याची काळी टाकी!

खाजा मिया आमचे भिंतीला भिंत लागून म्हणावे असे शेजारी, मध्ये फक्त एक बोळ. गाद्या-रजया भरायचं त्यांचं दुकान. माझ्या बापाचे जिवाभावाचे दोस्त. त्यांच्या बायकोच्या, मदीनाचाचीच्या ताटात जेवून मी लहानाचा मोठा झालो. त्यांचा गच्चीवर जायचा जिना त्या बोळीतून बाहेरून वर जातो. बोळ आमचीच असं सगळे धरून चालायचे, म्हणून बाप हयात असताना त्याच्या तोंडी शब्दावर तो बांधलेला. जिन्याच्या डोक्यावर चौथरा आणि चौथऱ्यावर ही टाकी.

मी कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिपाई हलवून पाहिली. ज्योती मोबाईलवर कोन बघून ओरडून सांगत होती.

"वीस अंश! टाकीच हाय समोर!"

"अजून सरकतो. आता?"

"आता जिना येऊन राहिला मधी!"

"ती टाकी काढल्याबिगर जमत न्हाई," मी हताश होऊन म्हणालो. "चौथराबी जायला पाहिजे."

खाली अंगणात मदीनाचाची दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिनं मान वर केली, तिपाई पाहिली, मला पाहिलं आणि कपडे तसेच दोरीवर टाकून घरात गेली. मी काहीच मनावर घेतलं नाही. माझं ध्यान आकाशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचीनं डाळ-गोश्ताच्या दालच्याचं पातेलं पाठवलं. मी आनंदानं खाल्लं. ऑफिसला निघालो तर दुकानाच्या पायरीवर खाजाचाचा उभे होते.

"साहेब," ते म्हणाले.

चाचांनी मला जन्मात कधी साहेब म्हटलं नव्हतं. मला वाटलं, गंमत करतायत.

"काल वर यंत्र लावलं होतं म्हणे."

"व्हय चाचा. पण काम होऊन नाही राहिलं. तुमची टाकी आडवी येते."

"टाकी." त्यांनी कापूस लागलेले हात धोतराला पुसले. "आन जिना?"

"जिन्याचा वरचा भाग येतो थोडा. खालचा असला तरी चालतो."

"वरून हुकूम हाय का?"

"हुकूम कसला! पण सगळं वरच तर हाय, चाचा. आपण फक्त खालून बघायचं."

चाचांनी मान डोलावली. "बराबर. तुमचा काय कसूर. मुदत किती म्हनायची?"

मला वाटलं, चाचांना आकाशाची गोडी लागली. मी उत्साहानं म्हणालो, "अमावस्येला करायचं ठरवलंय. चांदण्याचा उजेड नसतो."

"अमावस्येला. ठीक हाय. तकलीफ देणार न्हाई तुमाला."

मी गाडीला किक मारली. एवढा समजूतदार शेजारी पंचक्रोशीत शोधून सापडणार नाही, असं रस्ताभर वाटत होतं.

मधल्या दिवसांत चाचा दिसले की बाजूला व्हायचे. चाची दारात यायची नाही. ज्योती एकदा म्हणाली, "त्यांच्या घरी काही झालंय का? बोलून नाही राहिले कोणी." मी म्हणालो, "लगीनसराई आहे, गाद्यांचं काम वाढलं असेल." मी त्या वेळी सॉफ्टवेअरमधली बटणं पाठ करत होतो.

अमावस्येला मी ऑफिसातून लवकर सुटलो. गल्लीच्या तोंडाशीच हातोड्याचा आवाज ऐकू आला. बोळीत टाकी आडवी पडली होती, पाण्यानं चिखल झाला होता. चौथरा गेला होता. जिन्याच्या वरच्या पायऱ्या गेल्या होत्या. आणि या वयात खाजाचाचा स्वतःच उरलेल्या पायरीवर बसून पुढची पायरी फोडत होते. डोक्यावर, भुवयांवर सिमेंटची धूळ.

"चाचा! काय करून राहिले हे? काहून?"

त्यांनी हातोडा खाली ठेवला. "झालंच साहेब. तुमी म्हनले तेवढं निघालं. अजून एक पायरी काढतो, वरचा कोनी आला तर तुमच्यावर बोट नको."

 मदीनाचाची दारात उभी होती. डोळे लाल.

"रतन, तेरे कू मुँह से बोलनेकू जड गया होगा बेटा," ती म्हणाली. "तू लहानपणी याच पायऱ्यांवर बसून भात खाल्लास. कसा बोलणार? म्हनून ह्ये बोलले, आपनच काढू, पोराला अवघड नको."

साहेबानं त्यांच्या जिन्याची चोरून मोजणी केली, अतिक्रमण शोधून काढलं आणि लाजेनं नोटीस दिली नाही, असं ते दोघं इतके दिवस समजत होते! आणि तरी त्यांनी मला शिवी दिली नव्हती. दालचा दिला होता.

मी धावत वर गेलो, कॅमेरा, यंत्र, तिपाई सगळं उचलून बोळीत आणलं. ध्रुव काय, अक्ष काय, मृगातला तेजोमेघ काय, धापा टाकत सगळं सांगितलं. चाचा शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे... चांदणीसाठी?"

"व्हय चाचा."

ते विटांच्या ढिगावर बसले.  मला वाटलं, आता हातोडा माझ्याच डोक्यात बसणार, आणि तो बसला असता तरी मी काही म्हटलं नसतं. चाची पदरात तोंड घालून हुंदके देत होती. थोड्या वेळानं कळलं, ती हसत होती.

"चल मग," चाचा उठले. "एवढा जिना गेला, आता बघून तरी घेऊ कसली चांदणी हाय ती."

त्यांच्या गच्चीला वाटच उरली नव्हती, म्हणून सगळे आमच्या गच्चीवर आले. अंधार पडला तसा मोकळ्या जागेत ध्रुव दिसला. चाचा त्याच्याकडं एकटक बघत राहिले. "ह्योच?" ते म्हणाले. "फार बारीक हाय."

मी लॅपटॉप उघडला. ज्योतीला बाजूला बसवलं. तिनं पडद्यावरच्या सूचना वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"अहो, इथं लिहिलंय, ध्रुव घर किंवा झाडाआड असेल तर हे बटण दाबा. आकाशाच्या कोणत्याबी भागाचे तीन फोटो घेऊन मशीन आपोआप ध्रुवाची दिशा काढते."

 खाली बोळीत टाकीतलं उरलेलं पाणी ठिबकत होतं. मी ते बटण दाबलं नाही. जिना पडल्यावर कोणत्या तोंडानं दाबणार?

फोटो मात्र निघाला. ढीगभर फोटो रचून झाले तेव्हा काळ्या पडद्यावर गुलाबी ढग उमलला, पिंजलेल्या कापसासारखा. चाचांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "एवढा कापूस कुनी पिंजला म्हनायचा," एवढंच म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रतन, चांगला आला."

त्यांनी मला रतन म्हटलं तेव्हा मला रडू आलं. अंधार होता म्हणून बरं.

पुढच्या रविवारी जिना नव्यानं बांधायला गवंडी आला. माझा हट्ट होता की खर्च माझा. चाचांचा हट्ट होता की या खेपेला जिना हद्दीतच बांधायचा, पुन्हा शंका नको.

"तू मोजून दे," ते म्हणाले. "सरकारी मोजणी घरची हाय."

मी ऑफिसचा टेप काढला. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या जुन्या हद्दीच्या दगडापासून मोजत आलो. चाचांनी एक टोक धरलं होतं. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग टेप उलटा धरून मोजलं. बोळ सगळी चाचांचीच निघाली. एवढंच नाही, माझी स्वतःची भिंत, जिच्यावर मी तिपाई टेकवून उभा होतो, ती चांगली हातभर त्यांच्या जागेत होती.

"काय निघालं?" चाचांनी तिकडून विचारलं.

गवंडी माझ्याकडं बघत होता. मी टेप गुंडाळला.

"चाचा," मी म्हणालो, "जिना पाहिजे तेवढा रुंद बांधा!"