पाळीपत्रक कोबॉलमध्ये

नानासो पवार पुण्यात तीन महिने कोबॉल ही कॉम्प्युटरची भाषा शिकले आणि गावी परतले ते थेट साहेब होऊनच! पंचाहत्तरचा गळीत हंगाम तोंडावर आला होता. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यात त्यांनी जाहीर करून टाकलं, "यंदा ऊसतोडीची पाळी पुण्याचा कॉम्प्युटर लावणार. वशिला बंद!"

तोवर कुणाचा ऊस आधी तोडायचा हे एक जुनं यंत्र ठरवायचं. भोकं पाडलेली कार्डं ते लागणीच्या तारखेप्रमाणे लावायचं, आणि मग पंधरा वर्षं ते यंत्र सांभाळणारे हुसेनभाई त्यातली काही कार्डं हातानं वर-खाली करायचे. का, ते कुणी विचारलं नव्हतं. नानासोंनी मात्र हेरलं होतं, की आपल्या वडिलांचं, जोतिबांचं, कार्ड दरवर्षी वर सरकतं. आपण इथं नोकरीला म्हणून ही खुशामत! नानासोंच्या तत्त्वनिष्ठेला ते फार झोंबलं. चार वर्षं झोंबत होतं, पण ऊस लवकर जात होता, म्हणून गप्प होते.

संचालकांच्या बैठकीत चेअरमन लालासाहेब म्हणाले, "जुनं हाय तसंच पुण्याच्या मशीनवर न्यायचं, का समदं नव्यानं मांडायचं? धोतराची विजार शिवायची, का नवं कापड फाडायचं?"

"नवं कापड!" नानासो गरजले.

दारातून हुसेनभाई हळूच म्हणाले, "सायेब, एक दिस माझ्यासंगं बसा. समदं काय यंत्रात न्हाई."

"यंत्रात नाही ते प्रोग्राममध्ये नको!"

संचालकांनी टाळ्या वाजवल्या. कळलं कुणालाच नव्हतं, म्हणून जरा जास्तच वाजवल्या.

पुण्याहून यादी आली. पहिला नंबर जोतिबांच्या शेजारच्या बिराप्पाचा. जोतिबा तीनशे बारावे, म्हणजे थेट एप्रिलात! नानासोंनी जेवताना हसत हसत, अभिमानानं सांगितलं.

"आन् ह्यात हसन्यासारकं काय हाय रं?" जोतिबांनी विचारलं.

"न्याय, आबा, न्याय!"

दुसऱ्या दिवशी तोडणीची टोळी बिराप्पाच्या फडात शिरली. बारा बैलगाड्या भरल्या आणि मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. बिराप्पाच्या रानाच्या तीन बाजूंना ओढा आणि चौथ्या बाजूला जोतिबांचा उभा ऊस! रिकाम्या गाड्या ओढा उतरून कशाबशा आत आल्या होत्या, भरलेल्या काही तो चढणार नव्हत्या. दरवर्षी जोतिबांचा ऊस आधी निघायचा आणि त्या मोकळ्या रानातून बिराप्पाच्या गाड्या जायच्या. कॉम्प्युटर काही ओढा बघायला आलेला नव्हता. गाडीवान मात्र हुकमाचे पक्के. त्यांनी बैल उभ्या उसात घातले!

जोतिबा काठी घेऊन धावले. गाडीवानांनी शिक्क्याचा कागद पुढे केला. खाली सही होती चिरंजीवांची!

तासाभरात जोतिबा चिरडलेल्या उसाची मोळी घेऊन ऑफिसात हजर. ती टेबलावर आपटून म्हणाले, "घे तुजा न्याव! वीस गुंठं चिपाडं झाल्यात. आता एप्रिलात काय तोडायचं, माजं डोस्कं?"

नानासो हुसेनभाईंकडे धावले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की. तुमच्या आबांचं रान मोकळं झाल्याबिगर बिराप्पाची गाडी निगत न्हाई. असं साठ-सत्तर फड हायती."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगत हुतो, सायेब. तवा तुमी गरजत हुता."

नानासोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या बैठकीत ते बारीक आवाजात म्हणाले, "जुनं आहे तसंच न्यावं."

"पर ते तर हुसेनच्या डोस्क्यात हाय," लालासाहेब म्हणाले. "ते कसं न्यायचं पुण्याला?"

बराच खल झाला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. वार्षिक अहवालात एकच वाक्य आलं: 'पाळीपत्रकाचे कॉम्प्युटरवर स्थलांतर यशस्वीरीत्या पूर्ण.' खोटं त्यात काहीच नव्हतं. दर मंगळवारी हुसेनभाई स्वतः पुण्याला जाऊन कॉम्प्युटरशेजारी बसू लागले.

आणि कोबॉल शिकलेले नानासो? त्यांनाही काम मिळालं. मंगळवारी पहाटे कराडच्या स्टँडवर पुण्याची एस.टी. लागली, की ते धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकतात. मागून जोतिबा ओरडतात,

"नान्या, फुडची धर रं! हुसेनभाईस्नी गाडी लागती!"